भजनी मंडळासाठी तानपुरा घेताना

श्रावण जवळ आला की भजनी मंडळाचा विषय निघतो. गटाच्या बचतीत थोडे पैसे बाजूला असतील आणि पेटी आधीच असेल, तर कुणीतरी म्हणतं, आता तानपुरा घेऊ. दुकानात मोठा, नक्षीदार तानपुरा डोळ्यांत भरतो. नक्षी नंतर बघा. आधी दांडीची लांबी बघा.

तानपुऱ्याची मापं मुख्यतः दोन, मर्दानी आणि जनानी. तारेचा जो भाग वाजतो, तो मर्दानी तानपुऱ्यात साधारण १०० सेंटीमीटर असतो, जनानीत ७५ च्या आसपास. लांब तार खालचा सूर देते, आखूड तार वरचा. पुरुष बहुधा काळी एक, पांढरी दोन अशा पट्टीत गातात. आपला सा बऱ्याचदा पांढरी पाच ते काळी पाच यांच्यामध्ये असतो. मर्दानी तानपुरा ताणून तिथवर न्यायचा म्हटलं तर तारा तुटतात. नाही ताणला, तर आपल्यालाच खाली उतरावं लागतं. मग निम्म्या जणींचा आवाज निघत नाही, उरलेल्या वरच्या सप्तकात ओरडतात, आणि ऐकणारे म्हणतात की बायकांना गाता येत नाही. गळा चांगला असतो हो, पट्टी दुसऱ्याची असते!

म्हणून खरेदीआधी दोन-तीन बैठकांत पेटीवर गाऊन बघा. सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या आवाजाची, अशा दोघींना सोसेल ती पट्टी ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा. दुकानदाराला माप सांगू नका, पट्टी सांगा. त्याच पट्टीत तारा लावून घ्या आणि तिथेच एक अभंग म्हणून बघा. जाताना या दोघी सोबत हव्यातच.

आता भोपळा. मिरजेचे तानपुरे नावाजलेले, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचा खालचा गोल भाग वाळवलेल्या खऱ्या भोपळ्याचा असतो. त्यामुळे नाद भरून येतो, पण धक्का लागला की तडा जातो. गावोगावी एसटीने जाणाऱ्या मंडळाला हा नाजूकपणा परवडतो का, याचा विचार करा. त्यांच्यासाठी छोटी, चपट्या अंगाची तानपुरी बरी. ती दोन-तीन फुटांची असते, मांडीवर मावते. आवाज मात्र लहान, टाळ-मृदंगात बुडतो. देवळातच बसून गाणार असाल तर भोपळ्याचा जनानी तानपुरा घ्या, असं माझं मत.

भोपळ्याला, तबलीला चीर आहे का, ते उजेडात बघा. खुंट्या फिरवून सोडा. घसरत असतील तर सूर टिकणार नाही. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की झंकार उमलतो, तीच जवारी. ती वापराने झिजते आणि कारागिराकडून पुन्हा करून घ्यावी लागते. तेव्हा जवारी कोण करून देईल आणि काय घेईल, हे पैसे मोजण्याआधी विचारा.

तोवर फोनवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून सराव करायला काहीच हरकत नाही. पट्टी ठरवायलाही ते कामी येतं.