मातीचे भांडे आणि नवे घर

सनीव्हेल येथे सध्या मुलीकडे आमचा मुक्काम आहे. या गावात हजाराहून अधिक ‘आयक्लर’ घरे आहेत. जोसेफ आयक्लर या यहुदी बिल्डरने १९४९-५० च्या सुमारास ती बांधावयास आरंभ केला. वर्ण वा धर्म न पाहता तो घरे विकीत असे, आणि याच मुद्द्यावर १९५८ साली त्याने बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. घर बसके, तुळया उघड्या, बागेकडची भिंत काचेची आणि कित्येक घरांत मधोमध उघडा चौक. कोकणच्या माणसाला चौक काही परका नाही! अशा घरांत हाताने घडवलेली मातीची भांडी शोभतात, म्हणून आपली मुलेही ती हौसेने घेतात. घेताना मात्र एक गोष्ट पाहावी : भांड्यात पाणी मुरते काय? बुडाच्या कोऱ्या भागावर पाण्याचा थेंब ठेवला की कळते.

आपला माठ साधारण ८०० ते १००० अंशांवर भाजलेला असतो. त्यात बारीक छिद्रे राहतात, पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती आतली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे हिशेबापुरते, दहा लिटर पाणी एका अंशाने उतरण्यास सतरा ग्रॅम वाफ पुरे. कोकणच्या दमट हवेत वाफ सावकाश होते. सनीव्हेलचा उन्हाळा कोरडा, म्हणून येथे माठ अधिक चांगले काम करील. पण येथे काय करतात, तर त्याला बाहेरून रंग व वार्निश देऊन आत कागदी फुले खोचतात! रंगाने छिद्रे बुजली की माठ गार करीत नाही.

छिद्रांचे हे ज्ञान आपल्याला जुने आहे. धातूचे भांडे अग्नीतून काढून शुद्ध करावे, पण अशुद्ध झालेले मातीचे भांडे फोडावे, असे तोरा सांगते. माती जे शोषते ते सोडीत नाही. म्हणून दुधाचे मडके मटणाला चालत नाही. कोकणात आपले पूर्वज वल्हांडणास ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्यावरून ते नाव पडले.

चकचकीत भांड्यांची गोष्ट निराळी. त्यांवर काचेसारखा लेप असतो. लेप कमी उष्णतेवर वितळावा म्हणून पूर्वी त्यात शिसे घालीत, आणि काही ठिकाणी अजूनही घालतात. कोकम, चिंच, लिंबू यांच्या आंबटपणाने ते अन्नात उतरते. लहान मुलांना त्याचा धोका अधिक. तेव्हा शिसे नसल्याची कारागीराकडून खात्री झाल्याशिवाय अशा वाडग्यात सोलकढी ओतू नये. भांडे कितीही सुंदर असो, ते शोभेलाच ठेवावे. १२०० अंशांच्या वर भाजलेल्या दगडी भांड्यांत पाणी मुरत नाही, पण त्यांच्याही लेपाची चौकशी करावी.

राहता राहिला भूकंप. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी या भागात ६.९ तीव्रतेचा धक्का बसला होता. फळीवरच्या भांड्यांच्या बुडाला मेणासारखी चिकट लुकण लावावी; ती दुकानात मिळते. भरलेला माठ फळीवर नकोच. तो खाली अडणीवर ठेवावा, कारण आयक्लर घरांत फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या गेलेल्या असतात.