पाचारण ओळखावे कसे?

पुनरुत्थान काळातील चौथ्या रविवारी, म्हणजेच उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, जगभरच्या ख्रिस्तसभेत पाचारणासाठी विशेष प्रार्थना केली जाते. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली ही प्रथा सुरू केली. प्रभूने आपल्या पिकात कामकरी पाठवावेत अशी याचना त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांतूनही होते. मात्र आलेला कामकरी प्रभूने पाठवला आहे की आईच्या नवसाने, हे कसे ओळखायचे, याविषयी आपण क्वचितच बोलतो. म्हणून या लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

पाचारण म्हणजे अंतःकरणात ऐकू येणारा एक गूढ आवाज, अशी पुष्कळांची समजूत असते. तो आवाज ऐकू आला नाही म्हणून काही तरुण निराश होतात. काहींना तो इतका स्पष्ट ऐकू येतो की त्यांना कोणाचाच सल्ला नकोसा होतो. या बाबतीत जुन्या करारातील बाळ शमुवेलाची कथा पुन्हा एकदा सावकाश वाचण्यासारखी आहे. रात्री हाक आली ती शमुवेलाला. पण ती देवाची आहे हे त्याला कळले नाही. तो धावत गेला वृद्ध एलीकडे. एलीच्या ध्यानात ती गोष्ट आली, तीही तिसऱ्या खेपेस. ज्याला हाक ऐकू आली त्याला ती ओळखता आली नाही, आणि ज्याला ओळखता आली त्याला ती ऐकू आली नव्हती. (एली काही आदर्श पुरोहित नव्हता, त्याचे स्वतःचे पुत्र बिघडलेले होते, तरीही शमुवेलाला त्याची गरज पडली.)

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये याच प्रश्नावरून मोठा वाद झाला होता. आतून वाटणारी ओढ हीच पाचारणाची खरी खूण, असे त्या काळी अनेक सेमिनऱ्यांत शिकवले जाई. जोसेफ लाहितोन या फ्रेंच धर्मगुरूंनी आपल्या ग्रंथात त्याविरुद्ध मत मांडले. गुरुपदाचे पाचारण बिशपांच्या बोलावण्यातून येते, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण रोमपर्यंत गेले. पोप दहावे पायस यांनी कार्डिनलांची समिती नेमली आणि १९१२ साली तिचा निर्णय मान्य केला. बिशपांनी स्वेच्छेने निवड करण्यापूर्वी गुरुदीक्षेवर कोणाचाही हक्क नसतो. आंतरिक ओढ असलीच पाहिजे असे नाही. उमेदवाराच्या ठायी शुद्ध हेतू आणि योग्यता असावी, म्हणजे पुरे, असा त्याचा आशय होता. आजही हा निर्णय अनेकांना धक्का देणारा वाटेल. आम्हाला तो दिलासा देणारा वाटतो, कारण ज्यांना आकाशवाणी झालेली नाही अशा साध्या, प्रामाणिक मुलांसाठी त्याने दार उघडे ठेवले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मगुरूंच्या प्रशिक्षणावरील दस्तऐवजात हेतू आणि योग्यता यांच्या जोडीला उमेदवाराच्या स्वातंत्र्याचाही उल्लेख केला. आमच्या मते आपल्या समाजात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते या स्वातंत्र्याकडेच. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील कलम १०२६ अत्यंत कडक आहे : कोणत्याही प्रकारे व कोणत्याही कारणासाठी कोणावर दीक्षा घेण्याची सक्ती करण्यास त्यात पूर्ण मनाई आहे. दीक्षेपूर्वी उमेदवाराने आपण हे स्वखुशीने स्वीकारत आहोत असे स्वहस्ते लिहून, सही करून द्यावे लागते.

आता सक्ती म्हणजे काही कोणी मुलाला बांधून सेमिनरीत नेत नाही. ती फार मायेने होते. आजारपणात आईने केलेला नवस मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत असतो. घरात आधीच एक काका धर्मगुरू असतात. सुट्टीत मुलगा आला की शेजारीपाजारी त्याला आतापासूनच 'फादर' म्हणू लागतात. आणि पाच-सहा वर्षांनी, अनेक रात्री प्रार्थनेत घालवून, हा मार्ग आपला नाही असे तो प्रामाणिकपणे ठरवतो, तेव्हा गावात कुजबुज सुरू होते : काढून टाकला असेल, मुलीची भानगड असेल. या कुजबुजीच्या भीतीने जर एखादा तरुण परत न येता पुढे गुरुदीक्षा घेईल, तर त्या दीक्षेचे ओझे केवळ त्याच्यावरच पडेल काय? सेमिनरीतून परत येणे हाही पाचारणाच्या शोधाचाच निष्कर्ष असतो. सेमिनरी असते ती त्यासाठीच.

हेतूविषयी थोडेच लिहितो. कोणाचाही हेतू पहिल्या दिवशी शंभर टक्के शुद्ध नसतो. मानमरातब, सुरक्षित जीवन, उच्च शिक्षण, विवाहाची धास्ती, यांतले काहीतरी मिसळलेले असतेच. ते मिसळलेले आहे हे उमेदवाराला दिसते का आणि आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकापुढे तो ते मोकळेपणी बोलून दाखवतो का, हे महत्त्वाचे. योग्यतेचा अर्थही केवळ परीक्षेतले गुण असा नाही. संत जॉन व्हियान्ने यांना लॅटिन भाषा जमता जमत नव्हती. १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली ती वरिष्ठांनी त्यांच्यातले दुसरे काही ओळखले म्हणून.

मग आतल्या भावनांना काहीच मोल नाही का? आहे, पण त्यांची पारख काळाच्या कसोटीवर करावी लागते. १५२१ साली पांप्लोना येथे जखमी झालेले संत इग्नाती लोयोला अंथरुणावर पडून असताना दोन प्रकारची स्वप्ने पाहत : राजदरबारातील पराक्रमाची आणि संतांप्रमाणे जगण्याची. दोन्ही गोड वाटत. पण पहिली ओसरल्यावर मन कोरडे पडे, दुसरी ओसरल्यावरही प्रसन्नता टिके. पुढे त्यांनी सांगितलेला एक नियम प्रत्येक तरुणाने जवळ बाळगावा : मन उदास व अंधारलेले असताना पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये.

आणि एक दार बंद झाले म्हणजे पाचारण खोटे, असेही मानू नये. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, तेथे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. ते व्यापारी झाले, चांगली भरभराटही झाली. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी रक्तसाक्ष दिली. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. ते धर्मगुरू कधीच झाले नाहीत, ही गोष्ट आपण त्यांच्या सणाच्या दिवशीही विसरतो.

धर्मग्रामातील भाविकांचाही या पारखीत कायदेशीर वाटा आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. दीक्षेपूर्वी उमेदवाराविषयी चौकशी केली जाते. त्यासाठी बिशप धर्मग्रामात त्याच्या नावाची घोषणाही करू शकतात. दीक्षेला बाधा आणणारी एखादी गोष्ट माहीत असल्यास ती बिशपांना किंवा प्रमुख धर्मगुरूंना आधीच कळवणे हे कलम १०४३ प्रमाणे भाविकांचे कर्तव्य आहे. यात चहाडी नाही. आणि सूड उगवण्यासाठी हे कलम वापरणे हेही घोर पाप आहे. तेव्हा पुढच्या वेळी वेदीवरून असे नाव वाचले जाईल, तेव्हा मंडप आणि जेवणावळीचा हिशेब मांडण्यापूर्वी त्या तरुणाला एकदा घरी बोलवावे, आणि तो खरोखर आनंदात आहे का, एवढेच विचारावे.