शनी पाहा, शनीचे चित्र काढा

मुलीचे लग्न ठरत आले की साडेसाती आडवी येते. धंद्यात खोट आली, नोकरी गेली, तरी दोष शनीचा! परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या. तरीही शनिवारी तेलाची वाटी घेऊन निघणारी माणसे आपल्याही वस्तीत आढळतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. त्यांना शनी दाखवला पाहिजे.

ते अवघड नाही. ६० मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण पुरते. घरामागचे परस, चाळीची गच्ची किंवा विहाराचे अंगण, कुठेही ती तिवईवर घट्ट बसवावी. आकाशात न लुकलुकणारा पिवळसर ठिपका शोधावा. तीस-चाळीस पट मोठा करून पाहिला की गोळ्याभोवतीची कडी दिसते.

पण नुसते पाहून थांबू नका. पुठ्ठ्यावर कागद लावा. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन बांधा, म्हणजे डोळे दिपत नाहीत. आधी गोळा काढा, मग कडे. जवळ टायटन हा उपग्रह ठिपक्यासारखा दिसला तर तोही मांडा. रोज चित्र काढल्यास तो सुमारे सोळा दिवसांत शनीला फेरी घालताना सापडतो. खाली तारीख, वेळ आणि दुर्बीण किती पटीची ते लिहा. हिशेबाच्या वहीत जमा नसलेली रक्कम आपण लिहीत नाही. तसेच पुस्तकातले कडे काढू नये. डोळ्यांना दिसले तेवढेच काढावे.

गॅलिलिओने हेच केले. १६१० साली त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना दोन गोळे दिसले. त्याने तीन गोळे काढले. १६१२ साली बाजूचे गोळे दिसेनासे झाले. तो चक्रावला, पण दिसले तेच त्याने नोंदवले. अशा नोंदी साठत गेल्या आणि १६५९ साली हायगेन्सने उलगडा केला: शनीभोवती पातळ कडे आहे, त्याची धार आपल्याकडे आली की ते दिसत नाही. मार्च २०२५ मध्येही तसेच घडले. आता कडे वर्षागणिक रुंद दिसत जाईल, २०३२ च्या सुमारास सर्वाधिक. दरवर्षी एक चित्र काढले तरी मुलांना हा बदल स्वतःच्या वहीत दिसेल.

आता साडेसातीचा हिशेब पाहू. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत तो अंदाजे अडीच वर्षे असतो. आपली रास, मागची आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की झाली साडेसात वर्षे! म्हणजे कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. देशातल्या सुमारे चौथाई लोकांचे नशीब एकाच वेळी फिरते काय? सूर्यापासून १४० कोटी किलोमीटरहून दूर असलेला तो वायूचा गोळा आणि बर्फाच्या तुकड्यांचे ते कडे आपल्या मुलीचे लग्न कशाला मोडतील?

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. धम्म म्हणतो, या आणि पाहा. तेलाचे पैसे मुलांच्या वह्या-पेन्सिलींना लावा. शाळेच्या कपाटात दुर्बीण पडून असेल तर गुरुजींकडे मागा. मात्र तिच्यातून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नका. आणि साडेसातीचे कारण सांगून कुणी स्थळ परत पाठवू लागले, तर मुलीच्या हातची शनीची चित्रे त्यांच्यापुढे ठेवा.

जय भीम!