आपलाच कुत्रा, तरी इंजेक्शन?

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ रक्ताळलेला हात घेऊन दवाखान्यात आले. फिरायला नेलेला त्यांचा कुत्रा गल्लीतल्या कुत्र्याशी भिडला. सोडवताना चावा बसला. "डॉक्टर, आपलाच कुत्रा, इंजेक्शन कशाला?" मी विचारले, "दात कोणाचे लागले, पाहिलंत?" ते गप्प झाले.

कुत्र्यांच्या भांडणात हात कधीही घालू नये. लांबून बादलीभर पाणी फेकावे. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही.

आणि कुत्र्याला मारू नका. दुसऱ्या कुत्र्यावर धावून जाणारा कुत्रा पुष्कळदा भ्यालेला असतो. माराने भीती वाढते. ज्या अंतरावरून तो दुसऱ्या कुत्र्याकडे शांतपणे पाहतो, तिथेच थांबून भाकरीचा तुकडा द्या. हे अंतर काही आठवड्यांत हळूहळू कमी करा. गुरगुरू लागला, तर मागे फिरा. त्याची रेबीजची लसही वेळेवर टोचून घ्या.

गृहस्थांचा दुसरा डोस झाला. आता फिरायला निघताना त्यांच्या खिशात भाकरी असते.