डॉक्टरकीचे पहिले वर्ष

गावातील एखाद्या मुलाला वा मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याची वार्ता आली, की तो आनंद एका घरापुरता उरत नाही. साऱ्या गावाचा होतो. पेढे वाटले जातात, शाळेचे जुने गुरुजी पाठीवर थाप द्यायला येतात, आणि ज्यांनी आजवर त्या पोराला कधी नावाने हाक मारली नसेल, तेही त्याला ‘डॉक्टर’ म्हणू लागतात. हे सारे प्रेमाचेच असते. परंतु त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी त्याच मुलाची पत्रे व दूरध्वनी कमी होतात, बोलणे तुटक होते, आणि ‘अभ्यास फार आहे’ एवढ्याच उत्तरावर घरच्यांची बोळवण होऊ लागते. त्या मौनाविषयी प्रस्तुत लेखात चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात आहे.

हे मौन आम्ही आमच्याच घरात पाहिले. आमची पुतणी खानापूर तालुक्यातील. दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण मराठी शाळेत झाले. पुढील दोन वर्षांचा विज्ञानाचा अभ्यास इंग्रजीतून झाला खरा, पण वर्गातील शिक्षक अडलेले मराठीत किंवा कन्नडात समजावून देत. पोर हुशार, मेहनती. प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण मिळवून ती वैद्यकीय महाविद्यालयात गेली. फेब्रुवारीत तिची पहिली अंतर्गत परीक्षा झाली. ईस्टरच्या सुटीत ती घरी आली, तेव्हा हाडांचा संच पिशवीत बरोबर होता. पण पिशवी तिने उघडलीच नाही. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात आईच्या मांडीवर डोके ठेवून ती म्हणाली, “आई, मी तिन्ही विषयांत नापास झाले. मला हे झेपणार नाही.” दोन महिने हे ओझे तिने एकटीने वाहिले होते.

आमच्या थोरल्या बंधूंनी त्या रात्री एकही प्रश्न विचारला नाही. सकाळी अंगणात चहा घेताना त्यांनी फक्त विचारले, “पोरी, नेमके कुठे अडते?” पुढे जे काही सुधारले, त्याची सुरुवात या एका प्रश्नापासून झाली. आपणही तोच प्रश्न येथे घेऊ. कारण बारावीपर्यंत पहिल्या बाकावर बसणारे मूल एका वर्षात निर्बुद्ध होत नाही. काहीतरी दुसरेच बदललेले असते.

पहिली गोष्ट म्हणजे अभ्यासाचा आवाका. पहिल्या वर्षी मुख्य विषय तीन: शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे. विद्यार्थ्याने त्यांची नावे सांगून भागत नाही. प्रत्येक हाडाचा उंचवटा कोणता, खाच कोणती, तेथे कोणता स्नायू चिकटतो, जवळून कोणती रक्तवाहिनी जाते, हे सारे हाड हातात धरून सांगावे लागते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आणि त्यांचे मार्ग हे आणखी निराळे. शाळेत जे पुस्तक वर्षभर पुरत असे, त्याहून जाड ग्रंथ येथे एका विषयाला पुरत नाही. साऱ्या पुस्तकाची सात वेळा उजळणी करून परीक्षेला जाणारे मूल येथे एका उजळणीतच थकून जाते.

दुसरी गोष्ट परीक्षेची रीत. प्रवेशपरीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. बरोबर उत्तर कागदावर छापलेलेच असते, ते ओळखले की झाले. वैद्यकीय महाविद्यालयात मात्र कोऱ्या कागदावर स्वतः लिहावे लागते, आकृती काढावी लागते, आणि तोंडी परीक्षेत समोर बसलेल्या परीक्षकाला उत्तर द्यावे लागते. ओळखणे निराळे आणि आठवून सांगणे निराळे. बाजारात भेटलेला माणूस आपण लगेच ओळखतो, पण त्याच्या गैरहजेरीत त्याच्या चेहऱ्याचे वर्णन करावयास बसलो की अडखळतो. तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. परक्या भाषेतून वैद्यक शिकण्याचे कष्ट आपल्या लोकांना नवे नाहीत. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ साली स्थापन झाली; तेथे शंभरांहून अधिक वर्षे पोर्तुगीज भाषेतून शिक्षण चालले. हैदराबादेत निजामाच्या काळी उस्मानिया विद्यापीठाने हेच शास्त्र उर्दूतून शिकविले. मध्य प्रदेश सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या वर्षाच्या तिन्ही विषयांची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली. इंदूर व ग्वाल्हेरकडील आपल्या मुलांना त्यांचा आधार घेता येतो. तरीही शास्त्रीय संज्ञा इंग्रजी व लॅटिनच राहतात. वाक्य समजावून घेण्यातच निम्मी शक्ती खर्च झाली, तर आशय समजण्यास ती उरणार कोठून?

तेव्हा अडचण बुद्धीची नसून पद्धतीची आहे, हे आधी मुलाला व नंतर स्वतःला पटविणे अगत्याचे आहे. पद्धत बदलता येते. ती कशी बदलावी, हे आमच्या पुतणीला तिच्या एका प्राध्यापिकेने सांगितले. सुटीनंतर धीर करून ती त्यांच्याकडे गेली होती. ‘तू किती वेळा वाचतेस?’ असे त्यांनी विचारले. ‘चार-पाच वेळा,’ असे उत्तर मिळताच त्या म्हणाल्या, ‘आता एकदा वाच, पुस्तक मीट, आणि तीन वेळा आठवून लिही.’

या सल्ल्यामागे पुरावा आहे. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट करून एक प्रयोग केला. एका गटाने दिलेला उतारा चार खेपा वाचला. दुसऱ्याने तो पहिल्या खेपेस वाचला आणि पुढील तीन खेपांस न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना शेकडा ४० च्या आसपास आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना शेकडा ६० च्या आसपास. वारंवार वाचल्याने विषय येतो आहे असे वाटते, परंतु ते वाटणे फसवे असते. आठवताना अडखळायला होते, मनाला त्रास होतो. पण त्या त्रासातच विद्या मुरते.

यावरून पुतणीने आपला दिनक्रम बांधला. दिवसा महाविद्यालयात जे शिकविले, ते त्याच रात्री कोऱ्या कागदावर लिहावयाचे. तेच पुन्हा तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. शरीररचनेचा धडा आकृतीविना करावयाचा नाही. मानेच्या खालच्या चार व छातीच्या पहिल्या मज्जातंतूमुळांपासून हाताला जाणारे जाळे तयार होते, त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. ते तिने रोज एकदा याप्रमाणे पंधरा दिवस रेखाटले. मग ते हाताला वळण पडल्यासारखे येऊ लागले. इंग्रजी संज्ञांसाठी एक वही केली: डाव्या बाजूस संज्ञा, उजव्या बाजूस मराठीत अर्थ. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणून घड्याळ लावून उत्तरे लिहिली. तिघी मैत्रिणींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी एकमेकींची तोंडी परीक्षा घ्यावयाची असे ठरविले. आणि रात्री साडेअकराला दिवा मालवायचा. झोपेत मेंदू दिवसाचे शिकलेले पक्के करीत असतो. तेव्हा रात्रभर जागून केलेला अभ्यास म्हणजे पेरलेले बी मातीने न झाकताच सोडून देणे होय.

घरी येई तेव्हा मात्र तिचा परीक्षक निराळा असे. आमच्या मातोश्री, म्हणजे तिची आजी, चौथीपर्यंत शिकलेल्या. नात हाड हातात घेऊन बसली की त्या विचारीत, “कोपर दारावर आपटलं की करंगळीला का गं मुंग्या येतात?” मग नात सांगे, की कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यामागून अल्नर नावाचा मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो, त्याचाच शेवट करंगळीपर्यंत पोहोचतो, म्हणून मार कोपराला आणि झिणझिण्या करंगळीला. दुसऱ्या खेपेस विषय हृदयाचा. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते, मिनिटाला ७० च्या आसपास ठोके, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला पाच लिटरांच्या आसपास रक्त फिरविते. “म्हणजे आमच्या कळशीचं निम्मं पाणी की!” आजी म्हणाल्या. जे आजीला समजावून सांगता येते ते आपल्याला खरोखर समजलेले असते, ही खूण आमच्या पुतणीला तेथे सापडली.

आता नापास होण्याचा खरा अर्थ काय, तेही घरच्यांनी नीट जाणून घ्यावे; कारण भीती बहुधा अज्ञानातून वाढते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी जास्तीत जास्त चार संधी मिळतात, आणि सारा अभ्यासक्रम प्रवेशापासून नऊ वर्षांत पुरा करावा लागतो. वार्षिक परीक्षेत एखादा विषय राहिला, तर निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा घेण्याची तरतूद आहे. तीत उत्तीर्ण होणारा आपल्याच वर्गाबरोबर पुढे जातो. पुरवणीतही यश आले नाही, तर पुढील वर्षाच्या वर्गात बसावे लागते. एक वर्ष जाते, हे खरे. आयुष्य जात नाही. मात्र एका गोष्टीविषयी सावध राहावे. तासांना शेकडा ७५ आणि प्रात्यक्षिकांना शेकडा ८० उपस्थिती आवश्यक असते. पुष्कळ मुले नापास झाल्याच्या लाजेने वर्गात जाणे सोडतात, आणि मग परीक्षेस बसण्याचीच पात्रता गमावतात. गुण कमी पडले तरी वर्ग सोडू नकोस, एवढे एक वाक्य आईबापांनी मुलाला आवर्जून सांगावे.

घरच्यांचे काम येथेच संपत नाही. मुलाने काय शिकावे हे आपल्याला सांगता येणार नाही, पण ते खरे बोलू शकेल अशी जागा आपण घरात ठेवू शकतो. ‘किती मार्क पडले?’ हा प्रश्न रोज विचारला, की मूल एके दिवशी खोटे सांगू लागते. ‘जेवलीस का, झोपलीस का, आज काय शिकलीस?’ असे विचारावे. शुल्कासाठी शेत गहाण ठेवले असेल तर ते मुलाला ठाऊक असतेच; प्रत्येक बोलण्यात त्याची आठवण करून देऊ नये. गावात, नातलगांत, सणासमारंभात ‘आमचा डॉक्टर’ म्हणून मिरविणेही थोडे आवरते घ्यावे. आपला अभिमान म्हणजे त्या पोराच्या डोक्यावरचे दुसरे ओझे होते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. पुतणीच्या प्रवेशाचे पेढे सर्वांत जास्त घरी आम्हीच वाटले होते, आणि तिने आपली अडचण सर्वांत शेवटी सांगितली ती आम्हालाच.

आणखी एक गंभीर गोष्ट. आयोगाने नेमलेल्या एका कृतिदलाने २०२४ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी अहवाल दिला. पदवीच्या पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यासाठी उत्तरे दिली होती, आणि त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिकांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे नोंदविले. तेव्हा मूल जेवेनासे झाले, झोप उडाली, खोलीबाहेर पडेना, ‘मी नसते तर बरे झाले असते’ असे काही बोलू लागले, तर त्याला आळस वा नाटक समजू नये. त्याच दिवशी त्याच्याकडे जावे, त्याला एकटे ठेवू नये, डॉक्टरांना दाखवावे. सरकारची टेलिमानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. आणि डॉक्टर होणे आपल्याला नको आहे, असे मुलाने पूर्ण विचारांती सांगितले, तर तेही ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. आपल्याला पदवी हवी आहे. पण मूल त्याहून अधिक हवे आहे.

वार्षिक परीक्षेत आमची पुतणी दोन विषयांत उत्तीर्ण झाली, जीवरसायनशास्त्र राहिले. या वेळी मात्र तिने ही वार्ता दोन महिने लपविली नाही. निकाल लागला त्याच संध्याकाळी तिने घरी दूरध्वनी केला, पाच मिनिटे रडली, आणि म्हणाली, “बाबा, पुरवणीला बसते. वही तयार आहे.” पुरवणीत ती उत्तीर्ण झाली आणि आपल्याच वर्गाबरोबर दुसऱ्या वर्षात गेली. घरी पेढे आले, ते एकाच पुडक्यात, घरच्यांपुरते. पहिला आजीच्या हातावर ठेवला. आजी म्हणाल्या, “आता मधुमेहाचं शिकलीस का? मग मला अर्धाच दे.”