विश्लेषण : ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ आजच्या मुलांसाठी पुन्हा लिहिताना काय उरते, काय गळते?

पाठीवर ओझे घेऊन घरातून पळालेल्या एका माणसाची गोष्ट जवळपास साडेतीनशे वर्षे मुले वाचत आली आहेत. मुळात ती मुलांसाठी लिहिलेलीच नव्हती. जॉन बन्यनच्या ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचे दोनशेहून अधिक भाषांत अनुवाद झाले. इंग्रजीत तर ती दर पिढीला नव्याने लिहिली जाते : कधी सोप्या शब्दांत, कधी चित्रांत, कधी सशाला नायक करून. हे पुनर्लेखन भाषेपुरते असते की आशयालाही कात्री लावते, हा वाद त्यामुळे पुन्हा पुन्हा निघतो.

मूळ कथा काय आहे?

ख्रिस्तियन नावाच्या माणसाला एक पुस्तक वाचताना कळते, की आपले ‘विनाश नगर’ जळून खाक होणार आहे. त्याच्या पाठीवर पापाचे ओझे आहे आणि ते काही केल्या उतरत नाही. तो ‘स्वर्गीय नगरा’कडे निघतो. वाटेत नैराश्याची दलदल लागते, अपॉलिअन नावाच्या राक्षसी शत्रूशी झुंज होते, ‘व्हॅनिटी फेअर’ नावाची बारमाही जत्रा लागते, संशयाच्या किल्ल्यात कैद होते आणि शेवटी पूल नसलेली नदी पार करावी लागते. भेटणाऱ्या प्रत्येकाच्या नावातच त्याचा स्वभाव आहे. हट्टी, लवचीक, बडबड्या, विश्वासू, आशावंत. सगळे लेखकाला पडलेले स्वप्न म्हणून सांगितलेले आहे.

पहिला भाग 1678 मध्ये प्रसिद्ध झाला, दुसरा 1684 मध्ये. लेखक बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावचा. धंदा भांडी दुरुस्त करण्याचा, म्हणजे आपल्याकडच्या कल्हईवाल्याच्या जवळपासचा. शिक्षण जेमतेम. अधिकृत चर्चच्या परवानगीशिवाय प्रवचने केली म्हणून 1660 मध्ये त्याला तुरुंगात टाकले. प्रवचने देणार नाही असे कबूल केले असते तर तो सुटला असता. त्याने ते केले नाही आणि बारा वर्षे आत काढली. या पुस्तकाची सुरुवात तुरुंगातलीच मानली जाते.

गंभीर धर्मविषय असा गोष्टीरूपाने सांगावा का, हा प्रश्न तेव्हाही होता. हस्तलिखित मित्रांना दाखवले तेव्हा काहींनी छाप म्हटले, काहींनी नको म्हटले, असे बन्यनने प्रस्तावनेच्या पद्यात नोंदवले आहे.

मुलांनी ती आपलीशी कशी केली?

रस्ता, राक्षस, किल्ला, तलवार, किल्ली एवढा ऐवज असल्यावर मुले मागे राहणे कठीणच. ‘रॉबिन्सन क्रूसो’ आणि ‘गलिव्हर’चेही पुढे तेच झाले. लुइसा मे आल्कॉटच्या 1868 च्या ‘लिटल वुमेन’मध्ये याचे चित्र सापडते. चार बहिणी लहानपणी यात्रेकरूंचा खेळ खेळत. आई त्यांच्या पाठीला चिंध्यांच्या पिशव्या ओझे म्हणून बांधून देई, तळघर म्हणजे विनाश नगर आणि घराची गच्ची म्हणजे स्वर्गीय नगर. कोणी मोठ्याने पुस्तक सोपे करून देण्याची वाट त्यांनी पाहिली नव्हती. त्याच कादंबरीत पुढे प्रकरणांची नावेही बन्यनच्या ठिकाणांवरून आली आहेत.

मग बदलण्याची गरज काय?

पहिले कारण भाषेचे, आणि ते खरे आहे. सतराव्या शतकातले कितीतरी शब्द अजून वापरात आहेत, पण त्यांचे अर्थ सरकले आहेत. संशयाच्या किल्ल्यातल्या राक्षसाच्या बायकोचे नाव ‘डिफिडन्स’. आजच्या इंग्रजी वाचकाला त्यातून बुजरेपणा कळतो. बन्यनच्या काळी त्याचा अर्थ अविश्वास होता. कैद्यांचा छळ कसा करावा हे नवऱ्याला रोज रात्री शिकवणारी बाई बुजरी कशी, असा प्रश्न मुलाला पडणारच. ‘व्हॅनिटी’चेही तसेच. आज त्यातून आरशासमोरचा गर्व आठवतो; बन्यनला मुख्यतः पोकळपणा, निरर्थकता अभिप्रेत होती. म्हणून त्या जत्रेत केवळ दागदागिने विकायला नाहीत. घरे, जमिनी, पदे, पदव्या, राज्ये, नवरे, बायका, मुले आणि आत्मेसुद्धा विक्रीला आहेत. ब्रिटन, फ्रान्स, इटली, स्पेन, जर्मनी यांच्या नावाच्या वेगळ्या गल्ल्याही आहेत.

‘बाय-एंड्स’ हे पात्र तर टीपेशिवाय कळतच नाही. मनात वेगळाच स्वार्थ ठेवणारा, असा त्याचा अर्थ. हा गोडबोल्यांच्या गावचा, आणि याचा पणजोबा नावाडी : पाहायचे एकीकडे, वल्हवायचे दुसरीकडे. नाव बदला, टीप द्या, काहीही करा, पण हा नावाडी वाचवलाच पाहिजे. संक्षेपात पहिल्यांदा गळतो तो नेमका असाच मजकूर.

आतापर्यंत कोणकोणते प्रयोग झाले?

सर्वांत आधी हात घातला तो बन्यनच्या हयातीतच. त्याच्या पुस्तकाला दुसऱ्यांनी परस्पर पुढचे भाग जोडले. बन्यनने स्वतःचा दुसरा भाग लिहिण्यामागे तेही एक कारण होते. एकोणिसाव्या शतकात मेरी गोडॉल्फिन या टोपणनावाने लूसी एकिन या लेखिकेने नुकती वाचायला लागलेल्या मुलांसाठी केवळ एकाक्षरी इंग्रजी शब्दांत ती लिहून काढली. विसाव्या शतकात हेलन टेलर यांच्या ‘लिटल पिलग्रिम्स प्रोग्रेस’ने मुख्य पात्रांनाच लहान मुले केले. 2021 मध्ये त्याच मजकुराची चित्रमय आवृत्ती आली. त्यात जो सट्फिन या चित्रकाराने सगळ्यांना रानातले प्राणी केले; ख्रिस्तियन झाला ससा. 2019 मध्ये संगणकीय अॅनिमेशनचा चित्रपटही येऊन गेला.

पण काळाशी जुळवून घेण्याचा सर्वांत धारदार प्रयोग मुलांसाठी नव्हता. नॅथॅनिएल हॉथॉर्नने 1843 मध्ये ‘द सेलेस्टियल रेलरोड’ ही उपरोधिक कथा लिहिली. तिच्यात विनाश नगरापासून स्वर्गीय नगरापर्यंत आगगाडी सुरू झाली आहे. पाठीवरची ओझी सामानाच्या डब्यात ठेवायची सोय आहे. दलदलीत तत्त्वज्ञानाची पुस्तके, प्रवचने, प्लेटो, कन्फ्यूशियस आणि हिंदू ऋषींची वचने भरून वर पूल बांधला आहे. आणि गाडी चालवतो कोण, तर जुना शत्रू अपॉलिअन, आता पगारी नोकरीत! ‘गोष्ट सोपी करा’ म्हणणाऱ्या प्रत्येक संपादकाने ही कथा टेबलावर ठेवावी. बन्यनच्या गोष्टीत वाट अवघड असणे हाच विषय आहे. ती गुळगुळीत केली की प्रवासी पोहोचतो, पण कुठे, हा हॉथॉर्नचा प्रश्न आहे.

सर्वांत अडचणीचा मजकूर कोणता?

पहिली अडचण पहिल्याच पानांवर आहे. बायको-मुले हाका मारत असताना नायक कानांत बोटे घालून पळत सुटतो. मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनलाही हेच खटकले होते : हा माणूस घर सोडून गेला आणि का ते काही सांगितलेले नाही, असे तो निरागसपणे म्हणतो. आजच्या मुलांपैकी अनेकांनी घरातून निघून गेलेला बाप पाहिलेला असतो. त्यांच्यासाठी हे रूपक नाही. नायकाला लहान मूल केले की प्रश्न नाहीसा होतो खरा, पण सोबत त्या क्षणाची किंमतही जाते. बन्यनचे स्वतःचे उत्तर दुसऱ्या भागात आहे : ख्रिस्तियनची बायको ख्रिस्तियाना चार मुलांना आणि मर्सी नावाच्या तरुणीला घेऊन त्याच वाटेने निघते. हा भाग अधिक प्रेमळ, माणसांच्या सोबतीचा आहे. दोन्ही भाग एकत्र देणे हाच प्रामाणिक उपाय वाटतो.

दुसरी अडचण अधिक नाजूक. आडवाटेने जायचा मोह होऊन ख्रिस्तियन आणि आशावंत ‘नैराश्य’ राक्षसाच्या तावडीत सापडतात. बुधवारपासून शनिवारपर्यंत अंधारकोठडीत, अन्नपाण्यावाचून. राक्षस त्यांना मारतो आणि मग सांगतो, की सुटका हवी तर स्वतःच जीव द्या. ख्रिस्तियनला ते पटू लागते. किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याबद्दल शाळा आणि पालक सावध असताना हा प्रसंग सरळ वगळावा, असे संपादकाला वाटणे स्वाभाविक आहे.

मला तो ठेवावासा वाटतो. कारण प्रसंग तिथे संपत नाही. आशावंत त्याच्याशी बोलत राहतो. तू याआधी काय काय पार केलेस ते आठव, म्हणतो. राक्षसालाही ऊन पडले की झटके येतात, थोडी कळ काढ, म्हणतो. उपदेशाचा सूर नाही. शेजारच्या कैद्याने रात्रभर दिलेली साथ आहे. आणि रविवारच्या पहाटे ख्रिस्तियनला आठवते, की ‘वचन’ नावाची किल्ली इतका वेळ आपल्याच छातीशी होती. वगळायचेच असेल तर राक्षसाने सुचवलेली साधने वगळावीत. निराशा खोटे बोलते, आणि बोलणारी आपलीच बुद्धी वाटते, हे मुलांना इतक्या स्पष्टपणे सांगणारी पाने बालसाहित्यात फार नाहीत.

तिसरी अडचण शेवटाची. ख्रिस्तियन नगरात पोहोचतो, वाद्ये वाजतात आणि वाचक सुस्कारा सोडतो. तेवढ्यात ‘अज्ञान’ नावाचा तरुण दारापर्यंत येतो, त्याच्याकडे प्रवेशाचा दाखला नसतो आणि त्याला बांधून नरकाच्या दारात टाकले जाते. स्वर्गाच्या दारापासूनही तिकडे वाट आहे, हे पाहून स्वप्न मोडते. पोपला म्हातारा, नखे चावणारा राक्षस दाखवणारा परिच्छेद आज अनेकजण गाळतात. तो त्या काळच्या भांडणाचा अवशेष आहे, गेला तरी चालेल. ‘अज्ञान’चा शेवट मात्र बन्यनच्या श्रद्धेच्या गाभ्याशी आहे. तो काढला तर पुस्तक अधिक सुखद होते आणि बन्यनचे राहत नाही. इथे मला तोडगा सापडलेला नाही.

मराठीशी याचा संबंध काय?

जुना आहे. हरि केशवजी यांनी 1841 मध्येच ‘यात्रिक क्रमण’ या नावाने या पुस्तकाचा मराठी अनुवाद केला. सोळा वर्षांनी, 1857 मध्ये, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. विषय विधवांच्या दुःखाचा आणि पूर्ण वेगळा, पण शीर्षकात पुन्हा प्रवासच. तेव्हा मराठी कादंबरीच्या उंबरठ्यावर बन्यन एकदा येऊन गेलेला आहे.

आज कोणी मराठी मुलांसाठी तो नव्याने लिहायला बसला, तर इंग्रजीत न येणारी एक पेचाची जागा त्याला लागेल. आपल्याकडे भाववाचक नामांना लिंग आहे. निराशा स्त्रीलिंगी, मग राक्षस राहायचा की राक्षसीण व्हायची? आशा म्हटले की मुलगीच डोळ्यांसमोर येते. अंधारकोठडीतल्या सोबत्याला म्हणून ‘आशावंत’ करावे लागते. ‘अज्ञान’ तर नपुंसकलिंगी. अकराव्या शतकातल्या ‘प्रबोधचंद्रोदय’ या संस्कृत रूपकनाट्यात विवेक राजा आहे, श्रद्धा आई आणि शांती तिची मुलगी. तिथे शब्दाचे लिंग तेच पात्राचे. तो नियम इथे लावला, तर ख्रिस्तियनला रात्रभर धीर देणारी आशा असेल आणि बाहेर दार अडवून निराशा उभी असेल.