इथं कुणाला पुरलं, आणि ते कुणी ठरवलं?

मालवणात उतरलेल्या पर्यटकाची यादी ठरलेली असते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी, तारकर्लीचं स्कूबा, दुपारी सुरमईचं ताट, संध्याकाळी रॉक गार्डन. या यादीत दफनभूमी कुणी घालत नाही. घातलीच, तर घरातली म्हातारी माणसं म्हणतील, ‘सुट्टीत मसणात कित्याक जातास?’ पण हीच माणसं दाणोलीला साटम महाराजांच्या आणि पिंगुळीला राऊळ महाराजांच्या समाधीपुढे तासभर रांगेत उभी राहतात. म्हणजे आपल्याला मेलेल्या माणसाचं वावडं नाही. फक्त तो आपल्या ओळखीचा लागतो.

पॅरिसमध्ये १८०४ साली सुरू झालेली पेर लाशेझ दफनभूमी बघायला जगभरातून लोक येतात. कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी १७६७ ची. तिथंही आता तिकीट काढून फिरणारे असतात. आपल्या किनाऱ्यावर इतकी मोठी दफनभूमी नाही. पण मालवणला मुक्काम ठेवून उत्तरेला रत्नागिरी आणि दक्षिणेला गोवा अशी दोन टोकं धरली, तर मोजक्याच थडग्यांमध्ये चारशे वर्षांचं राजकारण सापडतं. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारायचे. इथं कुणाला पुरलं? आणि इथंच पुरायचं, हे कुणी ठरवलं? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा, कारण स्वतःचं थडगं कुठं असावं हे मेलेल्याच्या हातात क्वचितच असतं.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण रत्नागिरीत आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेच्या राजवाड्यातून उचललं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. ब्रह्मदेशापासून लांब, आणि तेव्हा रेल्वेही नसलेलं हे गाव कैदी राजासाठी सोयीचं होतं. आज आपण जो थिबा पॅलेस बघतो, तिथं तो राहायला गेला १९१० मध्ये. तोवर कैदेची जवळपास पंचवीस वर्षं सरली होती. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. धाकटी राणी सुपयागले १९१२ मध्येच गेली होती. थोरली राणी सुपयालत हिचा हट्ट होता की दोघांचे देह मायदेशी न्यायचे. सरकार तयार होईना. मंडालेत राजाची अंत्ययात्रा निघाली तर लोक कशासाठी जमतील आणि काय बोलतील, याची धास्ती जिवंत थिबापेक्षा मोठी होती. शवपेट्या वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. अखेर १९१९ मध्ये सरकारने राणीचं न ऐकता दोघांना रत्नागिरीतच कबरीत ठेवलं. त्याच वर्षी सुपयालतला ब्रह्मदेशात परतायची परवानगी मिळाली. ती १९२५ मध्ये रंगूनला वारली आणि तिची समाधी तिथंच आहे. नवरा कोकणात, बायको इरावतीच्या देशात. ही ताटातूट दैवाने केली नाही, दफ्तरातल्या हुकुमाने केली.

याच रंगूनमध्ये १८६२ साली शेवटचा मोगल बादशाह बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी घाईघाईने पुरलं होतं. कबरीची खूण उरू नये अशीच तजवीज होती. खरी जागा सापडली ती १९९१ मध्ये, खोदकाम चालू असताना. दिल्लीचा बादशाह रंगूनला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला. दोन्हीकडे हिशेब एकच होता: राजाची कबर त्याच्या प्रजेच्या हाती लागू द्यायची नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रह्मदेशाचे, म्हणजे आताच्या म्यानमारचे, तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीच्या या कबरीपाशी येऊन गेले. इंग्रज ज्याला भीत होते ते जवळपास शंभर वर्षांनी घडलं, आणि कुणाचंच काही बिघडलं नाही.

सत्ता थडगं लपवते, तशी मिरवतेही. वेंगुर्ल्यात डचांची पडझड झालेली वखार आहे. सतराव्या शतकात गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना इथून रसद मिळे. डचांच्या व्यापारी कंपनीचा दिमाख मात्र सुरतेच्या दफनभूमीत दिसतो. १६९१ मध्ये वारलेल्या व्हान रीड या अधिकाऱ्याची घुमटाची कबर तिथं आहे. जवळच्या इंग्रजी दफनभूमीत जॉर्ज ऑक्झेंडनची कबर आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा इंग्रजी वखार लढवणारा तो हाच. दोन परक्या कंपन्यांनी मोगलांच्या बंदरात एकमेकींना दाखवायला घुमट चढवले, असा हा मामला.

गोव्याच्या बाजूला दोना पावला इथं राज्यपालांच्या निवासस्थानाच्या वाटेवर ब्रिटिशांची एक छोटी दफनभूमी आहे. पोर्तुगीजांच्या मुलखात ब्रिटिश सैनिक कसे? फ्रेंच गोवा घेतील या भीतीने १७९९ मध्ये ब्रिटिश फौज इथं येऊन बसली आणि १८१३ पर्यंत राहिली. दोस्ताच्या घरात पाहुणा किती हक्काने राहत होता, हे त्या कबरी सांगतात.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापाशी तर जॉर्जियाची राणी केतेवान होती. १६२४ मध्ये शिराझला तिला ठार मारलं गेलं आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. इथं सापडलेलं हाड तिचंच असावं, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत झालेल्या डीएनए तपासणीतून पुढे आलं. जुलै २०२१ मध्ये भारताने त्यातला एक भाग जॉर्जियाला भेट दिला. चार शतकांनंतरही तिने कुठं असावं हे सरकारंच ठरवत होती.

बघायला जाताना काही पथ्यं पाळावीत. जांभा ठिसूळ असतो आणि चुन्याचा गिलावा कोकणच्या पावसात सुटतो; म्हणून थडग्यावर बसू नये, टेकू नये, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा रंग फासू नये. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की पुसट अक्षरंही वाचता येतात. पावसाळ्यानंतर गवतात जनावर असतं, काठी सोबत असावी. मालवण-वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती दफनभूम्या मात्र चालत्या आहेत, प्रेक्षणीय स्थळं नव्हेत. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, घरची माणसं तिथं मेणबत्त्या आणि फुलं घेऊन येतात. तिथं चर्चमध्ये विचारल्याशिवाय जाऊ नये आणि कॅमेरा खिशातच ठेवावा.

रत्नागिरीला गेलात तर थिबा पॅलेस बघून परत फिरू नका. राजाला कुठं राहायला लावलं एवढंच वाडा सांगतो. मेल्यावरही त्याला सोडलं नाही, हे कळायला कबरीपर्यंत जावं लागतं.